पानगळीचे रंग आणि रंगांधळी कांच

अमेरिकेच्या ईशान्य भागांत न्यू हँपशायर नांवाचें एक लहानसें राज्य आहे. त्याच्या उत्तरेस ज्या डोंगररांगा आहेत त्यांना 'व्हाइट मौंटन्स', म्हणजे धवलगिरि, म्हणतात. नांव धवलगिरीचें असलें तरी सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत तेथें पांढऱ्याखेरीज इतरच रंगांचें राज्य असतें. मेपलचीं झाडें शेंदरी, किरमिजी आणि नारिंगी होतात; भूर्ज आणि अ‍ॅस्पेन हळदीसारखे पिवळे होतात; बीच घासलेल्या तांब्यासारखा दिसूं लागतो; आणि मधून मधून उभे असलेले स्प्रूस व फर आपला काळसर हिरवेपणा न सोडतां या सर्वांना उठाव देतात. हा थाट एका ठिकाणीं फार तर दोन आठवडे टिकतो. एखादी वाऱ्यापावसाची रात्र झाली कीं सकाळीं तो पायवाटेवर पडलेला आढळतो.

ही पानगळ आपल्याकडील पानगळीहून अगदीं निराळी आहे, हें प्रथम सांगितलें पाहिजे. पंचांग पाहिलें तर हे दिवस शरदाचे. परंतु आपला शरद म्हणजे निवळलेलें पाणी, धुतलेलें आकाश आणि कोजागरीचें चांदणें. सह्याद्रीच्या पठारांवर त्या सुमारास सोनकी फुलून पिवळा गालिचा पसरतो खरा. पण तो फुलांचा रंग, झाडें तेव्हां हिरवींगार असतात. आपल्या झाडांचीं पानें गळतात तीं शिशिरांत, आणि बहुधा करडीं किंवा तपकिरी होऊन गळतात. तांबड्या पानांची शोभा आपल्याकडे पाहावयाची तर ती पालवींत पाहावी लागते. फाल्गुन-चैत्रांत कुसुंबाला जी लालभडक पालवी फुटते तिच्यांतील रंगद्रव्य आणि न्यू हँपशायरच्या मेपलमधील रंगद्रव्य हीं एकाच कुळांतलीं आहेत. काश्मीरचा चिनार मात्र त्या थंड मुलखांतील झाडांच्या पंगतीला बसतो.

या रंगांची उपपत्ति थोडक्यांत अशी. दिवस लहान होऊं लागले आणि रात्री गारठूं लागल्या कीं झाड नवें हरितद्रव्य करण्याचें थांबवितें, आणि पानांत असलेलें हळूहळू मोडत जातें. त्याच्या आड उन्हाळाभर दडून बसलेलें पिवळें द्रव्य मग डोळ्यांना दिसतें. म्हणजे भूर्जाचा पिवळेपणा हा नवा रंग नव्हेच. तो उघडा पडलेला जुना रंग होय. मेपलच्या लालीची गोष्ट वेगळी. ती बहुतांशीं त्या शेवटच्या दिवसांतच, पानांत अडकून राहिलेल्या साखरेपासून, नव्यानें तयार होते. दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्रीं थंडी, पण बर्फ धरण्याइतकी नव्हे, असा योग आला तर ती विशेष खुलते. त्यामुळें एका वर्षीचा रंग दुसऱ्या वर्षीं पुन्हा तसाच दिसेल याची शाश्वती नसते, आणि पाहणाऱ्याला त्याची नोंद ठेवावीशी वाटते.

अशी नोंद ठेवण्याची कल्पना फार नेटकेपणानें मांडली ती हेन्री डेव्हिड थोरो यानें. सविनय कायदेभंगावरील निबंधामुळें, आणि गांधीजींनीं त्याचें ऋण मोकळेपणानें मानल्यामुळें, हा ग्रंथकार आपल्या चांगल्या परिचयाचा आहे. पानगळीच्या रंगांवर त्यानें १८५९ सालीं एक व्याख्यान दिलें होतें. १८६२ च्या आरंभीं क्षयानें अंथरुणाला खिळला असतां बहिणीच्या साहाय्यानें त्यानें त्या व्याख्यानाचा निबंध करून 'अटलांटिक मंथली' या मासिकाकडे धाडला. ६ मे १८६२ रोजीं तो वारला. निबंध प्रसिद्ध झाला तो त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत. त्यांत त्यानें एक मनोरथ सांगितला आहे. प्रत्येक झाडाचें, झुडपाचें पान त्याचा रंग ऐन बहरांत असतांना खुडावें, त्याची रेखाकृति काढावी, आणि नेमका तोच रंग रंगपेटींतून उतरवून अशा पानांचें एक पुस्तक करावें. मग केव्हांहि तें पुस्तक चाळलें कीं पानगळीच्या वनांत हिंडून आल्यासारखें होईल. हें काम आपल्या हातून फारसें झालें नाहीं, अशी कबुलीहि त्यानें तेथेंच देऊन टाकली आहे. मासिकाकडे त्यानें शेंदरी ओकचें एक पान पाठविलें होतें. त्याच्या कडांची आकृति छापावी, एवढीच त्याची अपेक्षा होती. आकृति छापतां येण्यासारखी होती, रंग छापतां येण्यासारखा नव्हता.

येथें एक प्रश्न सहजच उपस्थित होतो. १८६२ सालीं छायाचित्रणाची विद्या जगजाहीर होऊन तेवीस वर्षें लोटलीं होतीं. थोरो स्वतः १८५६ सालीं वूस्टर गांवच्या एका छायाचित्रकारापुढें बसला होता, आणि त्याची ती दाढीवाली मुद्रा आजहि उपलब्ध आहे. असें असतां पानगळीची नोंद करण्यासाठीं त्याला रंगपेटीच कां आठवली, कॅमेरा कां आठवला नाहीं?

उत्तर ज्याच्या त्याच्या घरांत सांपडण्याजोगें आहे. पणजीचें एखादें जुनें छायाचित्र पेटींत जपून ठेवलेलें असेल तर तें काढून पाहावें. तिच्या कपाळावरील कुंकू त्यांत काळेंकुट्ट दिसतें. लाल रंगाचें लुगडें आणि काळी चंद्रकळा यांतील भेद त्यांत कळत नाहीं. चांदीचे जे क्षार कांचेवर लावून तीं छायाचित्रें घेत, त्यांच्यावर निळ्या आणि जांभळ्या प्रकाशाचाच परिणाम होई. लाल प्रकाश त्यांच्या लेखीं अंधारच होता. म्हणूनच तर छायाचित्रकार आपल्या काळोखाच्या खोलींत खुशाल तांबडा दिवा लावून काम करीत. ही कांच न्यू हँपशायरच्या डोंगरांत नेली तर काय होईल तें उघड आहे. शेंदरी मेपल काळा पडेल, पिवळा भूर्ज मळकट होईल, आणि निळें आकाश कोऱ्या कागदासारखें पांढरें येईल. ज्या यंत्राला सगळें जग सत्याचा बिनचूक साक्षीदार मानूं लागलें होतें, तें यंत्र नेमक्या याच देखाव्यापुढें आंधळें होतें.

कॅमेरे त्या डोंगरांत पोंचले नव्हते असें मात्र नाहीं. माउंट वॉशिंग्टनच्या ६,२८८ फूट उंच माथ्याकडे जाणारी क्रॉफर्ड कुटुंबाची पायवाट १८१९ पासूनची. अमेरिकेंतील अखंड वापरांत असलेल्या डोंगरवाटांत ती सर्वांत जुनी समजली जाते. १८६९ सालीं दांतेरी रुळांची आगगाडीहि त्या शिखरावर चढूं लागली. प्रवाशांचा ओघ वाढला तशी त्यांना आठवण म्हणून विकावयाच्या चित्रांची मागणी वाढली. लिटल्टन गांवच्या किलबर्न बंधूंनीं दोन भिंगांच्या कॅमेऱ्यानें घेतलेलीं, उठावदार दिसणारीं जोडचित्रें हजारोंनीं छापून विकलीं. दरी, कडा, धबधबा, बर्फ हे विषय त्यांत फार उत्तम येत. परंतु ज्या पंधरवड्यासाठीं आज माणसें त्या डोंगरांत जातात तो पंधरवडा त्या चित्रांत ओळखूं येत नाहीं. कोणी कुंचल्यानें वरून रंग भरीत, पण तो रंग झाडाचा नसे. कारखान्यांत बसलेल्या रंगाऱ्याच्या मर्जीचा असे.

कांचेला दृष्टि आली ती मोठ्या विलंबानें, आणि पहिलें पाऊल तर चक्क एका चुकीच्या आधारानें पडलें. १७ मे १८६१ रोजीं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें जेम्स क्लार्क मॅक्सवेल यानें एका चट्टेरीपट्टेरी स्कॉटिश फितीचीं तीन छायाचित्रें, एक लाल, एक हिरव्या व एक निळ्या द्रवांतून घेतलेलीं, त्या त्या रंगाच्या प्रकाशानें पडद्यावर एकावर एक पाडून दाखविलीं. फीत रंगीत दिसली. तीन मूळ रंगांपासून सगळे रंग साधतां येतात हा सिद्धान्त त्यामुळें डोळ्यांना पटला. पण लाल रंगाला आंधळ्या असलेल्या कांचेवर लाल भागाचें चित्र उमटलें तरी कसें? हें कोडें पुरीं शंभर वर्षें तसेंच राहिलें. १९६१ सालीं कोडॅक कंपनींतील राल्फ एव्हान्स यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं प्रयोग पुन्हा करून त्याचा उलगडा केला. मॅक्सवेलच्या लाल द्रवांतून डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरणहि जात होते, आणि त्या फितीचा लाल रंग असे किरण परावर्तित करीत होता. कांचेनें टिपला तो लाल रंग नव्हता, त्याचा अदृश्य सोबती होता. फितीऐवजीं मेपलचें लाल पान समोर ठेवलें असतें तर विज्ञानावर ही कृपा बहुधा झाली नसती. कारण पानें अतिनील किरण परत पाठविण्यापेक्षां शोषून घेण्यांतच अधिक तत्पर असतात.

खरी दृष्टि दिली ती बर्लिनच्या हेर्मान व्हिल्हेल्म फोगेल यानें. १८७३ सालीं त्याच्या लक्षांत आलें कीं, कांचेच्या लेपांत विशिष्ट रंग मिसळला तर तो रंग जो प्रकाश शोषून घेतो त्या प्रकाशाचीहि जाणीव लेपाला होऊं लागते. या एका निरीक्षणांतून पुढील सगळें निघालें. प्रथम हिरवा आणि पिवळा प्रकाश कांचेला दिसूं लागला. लाल दिसण्यास आणखी तीस वर्षें लागलीं. १९०२ सालीं मीटे आणि ट्राउबे या जर्मन रसायनज्ञांनीं त्यासाठीं उपयुक्त असा रंग शोधून काढला, आणि १९०६ च्या सुमारास सर्व रंगांना जागणाऱ्या कांचा इंग्लंडांत बाजारांत मिळूं लागल्या.

याच संधींत फ्रान्समधील ल्यूमिएर बंधूंनीं आपली रंगीत कांच पुढें आणली. हें नांव मुंबईकरांना नवें नाहीं. ७ जुलै १८९६ रोजीं वॉटसन हॉटेलांत जीं हलतीं चित्रें प्रथम दाखविलीं गेलीं तीं याच बंधूंचीं, आणि तो खेळ पाहून आपल्या सावेदादांनीं, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनीं, विलायतेहून कॅमेरा मागविला. परंतु चलच्चित्रापेक्षांहि ल्यूमिएरांचा हा दुसरा शोध अधिक नवलाचा म्हणावा लागेल, कारण त्याचें मुख्य द्रव्य होतें बटाट्याचें पीठ!

बटाट्याच्या सत्त्वाचे कण गाळून मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे बारीक निवडीत. त्यांचे तीन वाटे करून एक नारिंगी-तांबडा, एक हिरवा आणि एक निळा-जांभळा रंगवीत. मग तिन्ही मिसळून कांचेवर एकेरी थरांत पसरीत. चौरस इंचाला सुमारें चाळीस लाख कण बसत. कणांमधील फटी काजळीनें बुजवीत, सगळें दाबून सपाट करीत, आणि वर सर्व रंगांना जागणारा चांदीचा लेप देत. छायाचित्र घेतांना ही कांच कॅमेऱ्यांत उलटी बसवावयाची, म्हणजे प्रकाश आधीं रंगीत कणांतून गाळून मग लेपावर पडे. लाल पानाचा प्रकाश तांबड्या कणांतूनच पार होई, आणि कांच धुवून पुरी केल्यावर त्या जागीं तेवढेच कण मोकळे राहात. १९०४ सालीं या युक्तीची माहिती पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढें आली, १९०७ सालीं 'ऑटोक्रोम' या नांवानें तिची विक्री सुरू झाली. थोरोच्या मरणानंतर पंचेचाळीस वर्षांनीं मेपलचें पान कॅमेऱ्यांत लाल दिसलें.

दिसलें, पण सुखासुखी नव्हे. या कांचेला रंगांची दृष्टि होती, चपळाई मुळींच नव्हती. कणांच्या थरांत बहुतेक प्रकाश गडप होई. शिवाय लेपाचें निळ्या रंगाकडे जें जन्मजात झुकतें माप होतें तें सावरण्यासाठीं भिंगावर पिवळसर नारिंगी कांच चढवावी लागे. भर उन्हांतहि सेकंद-दोन सेकंद भिंग उघडें ठेवावें लागे. दाट झाडींत तर कितीतरी अधिक. आतां डोंगरवाटेवरच्या झाडाचें पान सेकंदभर तरी स्थिर राहतें काय? अ‍ॅस्पेनचें तर राहातच नाहीं. त्याचा देंठ चपटा असल्यामुळें नुसत्या झुळकीनेंहि तें थरथरतें. त्यामुळें ऑटोक्रोम घेणारा मनुष्य पाठीवर लांकडी तिपाई आणि कांचांचें ओझें घेऊन पहाटे निघे, आणि वारा पडण्याची वाट पाहत बसे. त्या काळच्या या चित्रांत स्थिर पाणी, बागेंतील फुलें, दगडी भिंती आणि हालूं नका म्हणून सांगितलेलीं माणसें विपुल आढळतात, याचें एक कारण हेंच आहे. शिवाय एका कांचेचें चित्र एकच. त्याची कागदावर प्रत निघत नसे. कांच उजेडासमोर धरून किंवा पडद्यावर पाडूनच तें पाहावें लागे. छापखान्यांतून तें मासिकाच्या पानावर आणतां येत असे, पण खर्च फार.

एवढ्या अडचणी असूनहि लोकांनीं या कांचा जगभर नेल्या. आल्बेर काह्न नांवाच्या फ्रेंच सावकारानें १९०९ ते १९३१ या काळांत पृथ्वीवरील नाना देशांच्या सुमारें ७२,००० ऑटोक्रोम कांचा जमविल्या. त्याच्या पदरीं असलेला स्तेफान पासे १९१३-१४ च्या सुमारास मुंबईसहि येऊन गेला होता. असो.

पुढील टप्पा लवकर सांगून होण्यासारखा आहे. लेओपोल्ड मॅनिस आणि लेओपोल्ड गोडॉव्स्की, एक पियानो वाजविणारा आणि दुसरा व्हायोलिन, या दोघां मित्रांनीं कोडॅकच्या प्रयोगशाळेंत बसून तीन थरांची एकच रंगीत फिल्म तयार केली. १९३५ सालीं 'कोडाक्रोम' या नांवानें ती चलच्चित्रांसाठीं आणि पुढच्या वर्षीं साध्या छायाचित्रांसाठीं विक्रीस आली. पिठाचे कण गेले, कांचेचें ओझें गेलें. खिशांत मावणारा कॅमेरा घेऊन कोणीहि ऑक्टोबरांत डोंगर चढावा आणि मेपलचा रंग घरीं आणावा, अशी सोय झाली.

आणि येथेंच एक चमत्कारिक गोष्ट घडली. पाऊणशें वर्षें ज्या रंगासाठीं रसायनशास्त्रज्ञ झटले तो हातीं येतांच छायाचित्रणांतील जाणत्या मंडळींनीं त्याच्याकडे पाठ फिरविली. रंगीत चित्र म्हणजे कॅलेंडर, रंगीत चित्र म्हणजे साबणाची जाहिरात, असा त्यांचा समज होऊन बसला. या नावडीला थोडें कारणहि होतें. त्या वेळचीं पुष्कळशीं रंगीत चित्रें खरोखरच ओरडणारीं होतीं: समोर शेंदरी झाड, मागें गडद निळें आकाश, आणि मध्यें लाल स्वेटर घातलेली एखादी व्यक्ति. पण खरें कारण अधिक खोल असावें. तीन पिढ्यांच्या डोळ्यांना काळ्यापांढऱ्या चित्राची संवय लागून गेली होती, आणि यंत्राच्या एका वैगुण्यालाच लोक कलेचा संयम समजूं लागले होते.

हें म्हणतांना काळ्यापांढऱ्या चित्राचें सामर्थ्य नाकारण्याचें कारण नाहीं. १९५८ च्या पानगळींत अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यानें उत्तर न्यू मेक्सिकोंतील अ‍ॅस्पेनच्या झाडांचें जें छायाचित्र घेतलें त्यांत पिवळीं पानें काळोखांत पेटलेल्या समयांसारखीं उजळ दिसतात. तें चित्र अप्रतिम आहे. मात्र तीं पानें पिवळीं होतीं हें सांगितल्यावांचून कळत नाहीं. आणि पानगळीची नोंद म्हणून पाहिलें तर एवढी एकच गोष्ट सांगण्यासारखी होती.

हा पेंच सोडविला तो एका डॉक्टरानें. एलियट पोर्टर हा १९०१ सालीं इलिनॉय राज्यांत जन्मला, १९२९ सालीं हार्वर्डचा वैद्यकीय पदवीधर झाला, आणि तेथेंच अध्यापन व संशोधन करूं लागला. छायाचित्रणाचा नाद लहानपणापासूनचा. न्यू यॉर्कमधील अल्फ्रेड स्टिग्लिट्झ, जो स्वतः तरुणपणीं बर्लिनला फोगेलच्या हाताखालीं शिकला होता, यानें १९३८ च्या अखेरीस पोर्टरच्या काळ्यापांढऱ्या चित्रांचें प्रदर्शन भरविलें. त्या यशानें धीर येऊन पोर्टरनें हार्वर्डची जागा सोडली. पक्ष्यांच्या छायाचित्रांचें पुस्तक काढावें म्हणून तो एका प्रकाशकाकडे गेला, तेव्हां त्याला उत्तर मिळालें कीं, रंगाशिवाय पक्षी ओळखूं कसे यावे? प्रकाशकाचें म्हणणें व्यवहारी होतें आणि बरोबरहि होतें. पोर्टर रंगाकडे वळला तो कलेच्या हौसेनें नव्हे. सत्याच्या गरजेनें वळला. त्याच्या पुढील सगळ्या कामाची किल्ली येथें आहे, असें वाटतें.

पक्ष्यांकडून तो हळूहळू पानांकडे, शेवाळाकडे, झऱ्यांकडे आला. पानगळीच्या दिवसांत न्यू इंग्लंडच्या डोंगरांत हिंडतांना त्यानें कॅलेंडरवाल्यांच्या सर्व संवयी उलट्या केल्या. शिखरावरून दिसणारी विशाल दरी त्यानें बहुधा सोडून दिली. पायवाटेच्या कडेचें चार हात जंगल त्याला पुरे होई. लख्ख ऊन त्यानें टाळलें. ऊन असलें कीं पानाच्या गुळगुळीत पृष्ठभागावर चकाकी येते आणि तिच्याखालीं रंग फिका पडतो. आभाळ आलें असतां, किंवा पाऊस पडून गेल्यावर, तोच रंग भरदार होतो. आणि सावलीचा निळेपणा त्यानें लपविला नाहीं. निळ्या आकाशाखालीं सावलींत पडलेल्या पानावर खरोखरच निळसर झांक असते. मनुष्याचा मेंदू ती आपोआप वजा करतो. फिल्म तसें करीत नाहीं. इतर लोक अशा चित्राला बिघडलेलें समजून टाकून देत, पोर्टरनें त्याला खरें मानून ठेवलें.

४ ऑक्टोबर १९५३ रोजीं त्यानें न्यू हँपशायरांत व्हाइटफेस भागांतील पाँड ब्रुक या ओढ्याच्या एका डोहाचें छायाचित्र घेतलें. त्यांत आकाश नाहीं, डोंगर नाहीं, वाट नाहीं. गळून पडलेलीं पानें पाण्यावर आहेत, आणि त्याच पाण्यांत वरच्या जगाचें प्रतिबिंब आहे. पाण्याचा पृष्ठभाग कोठें संपतो आणि प्रतिबिंब कोठें सुरू होतें हें ठरवितांना डोळा मागेंपुढें करीत राहतो.

अशा चित्राची कागदावरील प्रत काढण्याची त्याची रीत फार खटपटीची होती. मूळ फिल्मवरून लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशांत तीन वेगळ्या निगेटिव्ह घ्यावयाच्या. त्यांवरून सरसाचे तीन ठसे करावयाचे. ते निळसर, जांभळट-तांबड्या आणि पिवळ्या रंगांत भिजवून एकाच कागदावर एकामागून एक अगदीं तंतोतंत बसवावयाचे. केसभर इकडचें तिकडे झालें तर प्रत वाया. पोर्टर हें सर्व काम स्वतः शिकला. या रीतींत रंग हवा तसा कमीजास्त करतां येई, आणि त्यामुळें एक आक्षेपहि त्याच्यावर आला कीं, हे रंग निसर्गाचे कीं पोर्टरचे? आक्षेप अगदींच पोकळ नव्हता. पण काळ्यापांढऱ्या चित्रांत अ‍ॅडम्सनें आकाश काळें केलें तर ती प्रतिभा, आणि रंगीत चित्रांत पोर्टरनें एक छटा सांवरली तर ती लबाडी, हा न्याय कांहीं सरळ म्हणतां येत नाहीं.

आपल्या चित्रांना थोरोच्या वाक्यांची जोड द्यावी ही कल्पना पोर्टरची पत्नी अ‍ॅलीन हिची. दोघांनीं मिळून त्यावर सुमारें दहा वर्षें काम केलें. प्रकाशक मात्र मिळेना. चित्रें सर्वांना आवडत, छपाईचा खर्च ऐकला कीं सगळे मागें सरत. अखेर निसर्गरक्षणासाठीं झगडणाऱ्या 'सिएरा क्लब' या संस्थेचा चालक डेव्हिड ब्राउअर यानें एका देणगीदाराचें साहाय्य मिळवून पुस्तक हातीं घेतलें. तें निघालें १९६२ सालीं, थोरोच्या मृत्यूला शंभर वर्षें होत असतां. वसंतापासून हिवाळ्यापर्यंत ऋतुक्रमानें मांडलेल्या त्या पुस्तकाची किंमत पंचवीस डॉलर होती. त्या काळीं ती फारच भारी, तरीहि पुस्तकाचा विलक्षण खप झाला. ज्या पुस्तकाची थोरोनें रंगपेटीच्या भरंवशावर कल्पना केली होती तें असें कॅमेऱ्याकडून पुरें झालें. त्यांतील निसर्गाचे रंग अनेक अमेरिकन घरांतल्या दिवाणखान्यांत जाऊन बसले, आणि जंगल राखण्याची चर्चा तेथें सुरू झाली.

अशा पुस्तकानें जंगलें वाचलीं, असें एका दमांत म्हणण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. व्हाइट मौंटन्स वाचले ते रंगीत छायाचित्रामुळें नव्हेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लांकूड कंपन्यांनीं ते डोंगर बोडके करीत आणले होते; १९०३ सालीं तेथें मोठे वणवे लागले; त्यानंतर, १९११ च्या वीक्स कायद्यानें, सरकारला जंगलें विकत घेतां येऊं लागलीं आणि १९१८ सालीं तेथें राष्ट्रीय वन स्थापन झालें. हें सर्व मेपलचा लाल रंग छापून घरोघर पोंचण्याच्या आधींचें. किंबहुना आज तेथील कित्येक उतारांवर जो भूर्जाचा पिवळाधमक पट्टा दिसतो तो त्या तोडीचा आणि वणव्याचाच वारसा आहे, कारण जळलेल्या, उघड्या पडलेल्या जमिनींत भूर्ज आधीं रुजतो. १९६४ सालीं अमेरिकेंत वन्यप्रदेश-संरक्षणाचा कायदा झाला, त्याला अनुकूल लोकमत घडविण्यांत या चित्रांचा वांटा होता, एवढें म्हणणें मात्र योग्य होईल.

आणि पोर्टरला स्वतःला याची मर्यादा लवकरच दिसली. १९६० पासून तो कोलोरॅडो नदीवरील ग्लेन कॅन्यनमध्यें जात होता. तेथील तांबड्या खडकांच्या अरुंद घळींची त्यानें जीं छायाचित्रें घेतलीं त्यांचें पुस्तक १९६३ सालीं निघालें. त्याच वर्षाच्या आरंभीं खालच्या धरणाचे दरवाजे बंद होऊन त्या घळींत पाणी चढूं लागलें होतें. पुस्तकांतील जागा वाचक पाहत होते तेव्हां त्या बुडत होत्या.

पोर्टर १९९० सालीं वारला. त्याच्या फिल्मा, प्रती आणि कागदपत्र टेक्ससमधील फोर्ट वर्थच्या अ‍ॅमन कार्टर संग्रहालयाकडे गेले. त्यानंतर थोड्याच वर्षांत ठशांनीं प्रती काढण्याचें साहित्य कोडॅकनें बनविणें बंद केलें. २००९ सालीं कोडाक्रोम फिल्महि थांबली, आणि ती धुवून देणारी कॅन्सस राज्यांतील शेवटची प्रयोगशाळा २०१० च्या डिसेंबरांत त्या कामापुरती बंद झाली. ऑटोक्रोमच्या मूळ कांचांचे रंग उजेडानें उडतात म्हणून संग्रहालयें त्या अंधारांत ठेवतात आणि प्रेक्षकांना नकलाच दाखवितात. पोर्टरच्या प्रतींवर मात्र त्याच्या नेहमींच्या रिवाजाप्रमाणें नांवाच्या जागीं वस्तु, स्थळ आणि तारीख एवढेंच असतें. ओढ्यांतील डोह, पाँड ब्रुक, न्यू हँपशायर, ४ ऑक्टोबर १९५३.